कमी खर्चाचे पर्यावरणपूरक स्वतंत्र घर : आराखड्याचे निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत

एका कुटुंबासाठी स्वतंत्र घर बांधू पाहणारे बहुतेक लोक आवडलेल्या घराच्या दर्शनी भागाचे छायाचित्र समोर ठेवून सुरुवात करतात. मग त्या छायाचित्रामागे खोल्या बसवल्या जातात आणि आराखडा दर मागवण्यासाठी कंत्राटदाराकडे जातो. आकडा आवाक्याबाहेर गेला की छज्जे लहान होतात, छतावरचा उष्णतारोधक थर रद्द होतो, खिडक्यांचा दर्जा उतरतो आणि शेवटी घर ‘पर्यावरणपूरक’ ठरावे म्हणून गच्चीवर सौर पॅनेल बसवले जाते. यातल्या बहुतेक वस्तू योग्यच असतात. चुकतो तो क्रम. क्षेत्रफळ, आकार आणि दिशा हे तीन निर्णय कागदावर बदलायला काहीच पैसे लागत नाहीत, पण बांधकामाचा आणि पुढच्या अनेक वर्षांच्या वापराचा खर्च प्रामुख्याने तेच ठरवतात. पुढचे टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने घ्यावेत आणि एखादा टप्पा जुळला नाही तर पुढे न जाता मागच्या टप्प्याकडे परतावे.

टप्पा १ : गरजांची यादी आणि क्षेत्रफळ

यादी खोल्यांची न करता कामांची करावी. कोण कुठे झोपते, कोणाला दिवसा शांतता लागते, एका वेळी किती जण जेवायला बसतात, कपडे कुठे वाळतात, वर्षातून दोनदा लागणारे सामान कुठे राहते, हे लिहून काढल्यावर तीन खोल्यांची गरज अनेकदा दोन खोल्या आणि एका नीट आखलेल्या कोनाड्यात भागते. वर्षातले मोजकेच दिवस वापरली जाणारी पाहुण्यांची खोली या यादीत सर्वात आधी तपासावी, कारण ती खोली पाया, भिंती, छत, फरशी, रंग आणि दिवे या प्रत्येकात खर्च वाढवते आणि रिकामी असतानाही तिची निगा राखावीच लागते.

सध्याच्या घरातले पलंग, कपाटे, टेबले यांची मापे टेपने घ्यावीत आणि त्यांच्याभोवती वावरण्याची जागा धरून प्रत्येक कामाला लागणारे क्षेत्रफळ काढावे. या बेरजेत भिंतींच्या जाडीसाठी १० ते १५ टक्के आणि येण्याजाण्याच्या वाटांसाठी साधारण तेवढेच मिळवावे. वाटांचा वाटा १५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर खोल्यांची मांडणी चुकली आहे असे समजून ती पुन्हा करावी.

पंधरा-वीस वर्षांनंतरचा विचारही इथेच करावा. तळमजल्यावर झोपण्याजोगी एक खोली, तिच्याजवळ स्नानगृह आणि ९० सेंमी मोकळ्या रुंदीचे दरवाजे ही तजवीज आज जवळजवळ फुकट होते. पुढे हीच कामे तोडफोड करून करावी लागतात.

टप्पा २ : खर्चाची चौकट

एकूण उपलब्ध रकमेतून आधी इमारतीबाहेरचे खर्च वजा करावेत : जागेची मोजणी, मातीची तपासणी, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनियर यांचे मानधन, परवानगीचे शुल्क, पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या, कुंपण, सपाटीकरण, कर, कर्जाचे व्याज आणि बांधकाम चालू असतानाचे घरभाडे. उरलेल्या रकमेतून १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवावेत. जे उरते त्याला बांधकामाच्या चालू दराने भागले की परवडणारे क्षेत्रफळ मिळते. ते टप्पा १ मधल्या क्षेत्रफळापेक्षा कमी आले, तर यादी छाटावी. ‘दर कमी करून घेऊ’ या आशेवर पुढे जाऊ नये.

इशारा : क्षेत्रफळावर आधारित दर ऐकताना तो चटई क्षेत्राचा (भिंती सोडून आतल्या वापराच्या जागेचा) आहे की बांधीव क्षेत्राचा (भिंतींसह), आणि त्यात विजेची तारजोडणी, जलरोधक थर, खिडक्या व स्वच्छतागृहाची उपकरणे धरली आहेत का, हे लेखी विचारावे. दोन कंत्राटदारांच्या दरांमधला मोठा फरक पुष्कळदा फक्त वगळलेल्या बाबींचा असतो.

टप्पा ३ : जागेची पाहणी

रेघ मारण्यापूर्वी जागेच्या नकाशावर चढउतार, झाडे, शेजारच्या इमारतींची उंची, रस्त्याचा आवाज, ऋतूनुसार वाऱ्याच्या दिशा आणि मोठ्या पावसात पाणी कुठून येऊन कुठे जाते हे सगळे नोंदवावे. बांधकाम नियमांतली सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), व्याप्तीची (जमिनीचा किती भाग झाकता येतो याची) आणि उंचीची मर्यादा त्याच नकाशावर काढावी, म्हणजे प्रत्यक्ष बांधता येणारा भाग डोळ्यांसमोर येतो.

मातीची तपासणी टाळणे ही सर्वात महाग पडणारी काटकसर आहे. पाण्याने फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती, किंवा कधीकाळी भर टाकून सपाट केलेली जमीन पायाचा प्रकारच बदलून टाकते, आणि त्याबरोबर टप्पा २ मधले गणितही. उतार असलेल्या जागेत घर उताराच्या दिशेने न लांबवता उताराला आडवे, समान उंचीच्या रेषेवर लांबवले, तर खोदाई आणि भराव दोन्ही कमी होतात.

सूर्याची उंची काढायला साधे सूत्र पुरते. विषुवदिनी (दिवस आणि रात्र समान असताना) माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून (९० उणे अक्षांश) इतक्या अंशांवर असतो. उन्हाळी अयनदिनी (वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशी) त्यात २३.५ मिळवावेत, हिवाळी अयनदिनी (सर्वात लहान दिवशी) तेवढेच वजा करावेत. ४० अंश अक्षांशावर हे कोन ७३.५ आणि २६.५ येतात. २० अंशांवर उन्हाळी उत्तर ९३.५ येते, म्हणजे सूर्य डोक्यावरून जरासा पलीकडच्या बाजूला गेलेला असतो. अशा ठिकाणी उन्हाळ्यातली सर्वात तापणारी ‘भिंत’ म्हणजे छत, हे पुढच्या टप्प्यांसाठी लक्षात ठेवावे.

टप्पा ४ : हवामानाचे धोरण

हा टप्पा छोटा आहे, पण तो वगळला की बाकीचे सगळे दुसऱ्याच प्रदेशातून उचलले जाते. उष्ण आणि कोरड्या हवेत, जिथे रात्री तापमान बरेच उतरते, तिथे जड भिंती, लहान व सावलीतल्या खिडक्या आणि रात्रीचे वायुवीजन उपयोगी पडते. उष्ण आणि दमट हवेत रात्रही गरम असल्याने जड भिंतींचा तसा फायदा नसतो. तिथे अरुंद घर, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि रुंद छज्जे लागतात. थंड प्रदेशात आटोपशीर आकार, जाड उष्णतारोधक थर, हवा न गळणारे सांधे आणि नियंत्रित वायुवीजन यांना पर्याय नाही. मिश्र हवामानात, वर्षातला कोणता काळ जास्त त्रासाचा आणि जास्त खर्चाचा आहे ते ठरवून त्याला झुकते माप द्यावे.

तपासा : आपले धोरण दोन वाक्यांत लिहिता येते का? येत नसेल तर ते अजून ठरलेले नाही.

टप्पा ५ : आकार आणि दिशा

इथे घाई करू नये. १०० चौरस मीटरचे एकमजली घर १० × १० मीटर असेल, तर बाहेरच्या भिंतींची लांबी ४० मीटर होते. तेच ५ × २० मीटर केले तर ५० मीटर, म्हणजे २५ टक्के जास्त भिंत, जास्त गिलावा, जास्त रंग आणि उष्णतेची ये-जा होणारा जास्त पृष्ठभाग. १२ × १२ मीटरच्या चौकोनातून एक कोपरा वगळून इंग्रजी ‘एल’ आकार केला आणि क्षेत्रफळ तेवढेच ठेवले, तर भिंत ४८ मीटर होते आणि छताला एक अवघड सांधाही मिळतो. याउलट ७.५ × १३.३ मीटरच्या आयताची भिंत ४१.७ मीटर भरते. फक्त ४ टक्के जादा भिंतीच्या बदल्यात घराला दोन लांब बाजू मिळतात आणि खोल्यांमध्ये उजेड व वारा बराच आतपर्यंत पोहोचतो. म्हणून रुंदी आणि लांबीचे प्रमाण १:१.५ ते १:१.८ च्या आसपास ठेवणे मला सर्वात शहाणपणाचे वाटते.

लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला, आखूड बाजू पूर्व आणि पश्चिमेला असाव्यात. पूर्व-पश्चिमेचे ऊन तिरपे आणि खालून येते, त्यामुळे ते छज्ज्याने अडत नाही. माध्यान्हीचे ऊन उंचावरून येत असल्याने अडवणे सोपे जाते. ते उत्तर गोलार्धात वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडून आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून येते, याकडे परक्या देशातला आराखडा वापरताना हमखास दुर्लक्ष होते.

एकमजली की दुमजली, याचे उत्तरही आकडे मांडूनच द्यावे. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर १०० चौरस मीटरच्या चौरस एकमजली घराला १२० चौरस मीटर भिंत आणि १०० चौरस मीटर छत, मिळून २२० चौरस मीटर लागतात. प्रत्येकी ५० चौरस मीटरचे दोन मजले केले तर भिंत सुमारे १७० आणि छत ५०, म्हणजे बेरीज पुन्हा २२० च. बचत होते ती पाया आणि छत निम्मे झाल्याने व जमीन मोकळी राहिल्याने. तिच्यातून मधल्या स्लॅबचा आणि जिन्याने दोन्ही मजल्यांवर खाल्लेल्या जागेचा खर्च वजा करावा लागतो. छत हेच उन्हाचे मुख्य दार असलेल्या प्रदेशात किंवा जमीन कमी असताना दुमजली घर जिंकते. सपाट आणि ऐसपैस जागेवर, वृद्ध माणसे घरात असताना, एकमजली घर बरे.

इशारा : दर्शनी भागाला ‘आधुनिक’ रूप यावे म्हणून भिंतींचे टप्पे मागेपुढे करू नयेत. प्रत्येक जादा कोपऱ्यात मजुरी वाढते आणि गळतीची शक्यताही. साध्या आयताला खिडक्यांच्या नीट प्रमाणातून आणि छज्ज्यांच्या सावलीतून पुरेसे देखणेपण येते.

टप्पा ६ : खोल्यांची मांडणी आणि छेद

१. स्वयंपाकघर, स्नानगृह आणि कपडे धुण्याची जागा एका भिंतीला पाठ लावून किंवा एकावर एक ठेवावी. एकच उभा नळमार्ग पुरतो, गळती शोधणे सोपे जाते आणि गरम पाणी लवकर येते. १५ मिमी आतील व्यासाच्या १० मीटर नळात सुमारे १.८ लिटर पाणी असते. नळ दूर असेल तर दर वेळी तेवढे थंड पाणी वाहून जाते आणि तेवढेच गरम पाणी नळातच निवते.

२. ज्या खोल्यांत दिवसाचा जास्त वेळ जातो त्या चांगल्या उजेडाच्या लांब बाजूंना, आणि कोठी, जिना, स्नानगृह, गाडीची जागा तापणाऱ्या किंवा थंड वाऱ्याच्या बाजूला ठेवावी, म्हणजे या कमी वापराच्या जागा आतल्या खोल्यांना आडोसा देतात.

३. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर खोलीच्या उंचीच्या दोन ते अडीच पटींपेक्षा जास्त नसावी. समोरासमोर उघडी खिडकी असेल तर ही मर्यादा पाच पटींपर्यंत जाते, पण मध्ये बंद दरवाजा आला की ती लगेच कोसळते. त्यामुळे दरवाजावर झरोका ठेवावा.

४. तुळयांचे गाळे (दोन आधारांमधली अंतरे) शक्यतो ३ ते ४.५ मीटरमध्ये आणि एकसारखे ठेवावेत. त्याच जाडीच्या तुळईचा गाळा दुप्पट केला तर तिच्यावरचा वाकवणारा ताण चौपट होतो आणि तिचे खाली झुकणे सोळा पट वाढते. खांबविरहित मोठ्या दिवाणखान्याची हौस लोखंड आणि काँक्रीटच्या हिशेबात महाग पडते ती यामुळे.

५. जिना शेवटी ‘बसवू’ नये. ३ मीटर उंचीला १८ पायऱ्या धरल्या तर प्रत्येकीची उंची सुमारे १६.७ सेंमी येते. दोन उंच्या आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज ६० ते ६४ सेंमी असावी, म्हणजे २८ सेंमी रुंदीची पायरी इथे बरोबर बसते.

तपासा : आराखड्यात सर्व सामान मापाने काढावे आणि दरवाजांची पाने उघडी दाखवावीत. त्यानंतर घर मधोमध कापून दाखवणारा छेद काढावा. छेद न काढता मंजूर केलेल्या आराखड्यात जिन्याखाली डोके आपटणे, तुळई खिडकीवर येणे आणि स्नानगृहाच्या नळांना जागाच नसणे हे दोष बांधकाम सुरू झाल्यावर सापडतात.

टप्पा ७ : छत, भिंती आणि खिडक्या

घराचे हे बाह्य कवच नंतर बदलणे सर्वात कठीण, म्हणून यंत्रांवर एक पैसाही खर्चण्याआधी त्यावर खर्च करावा. उष्ण प्रदेशात आधी छत, मग खिडक्यांवरची सावली, मग भिंती हा क्रम ठेवावा. थंड प्रदेशात छत, भिंती, खिडक्या आणि जमिनीलगतचा थर यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

उष्णतारोधक साहित्याची ताकद पुष्कळांना कल्पनेपेक्षा जास्त असते : ५ सेंमी जाडीचा थर्मोकोलचा थर उष्णतेला साधारण तेवढाच अडवतो, जेवढी जवळपास एक मीटर जाड विटांची भिंत. सपाट छतावर हा थर स्लॅबच्या वरच्या अंगाला द्यावा, म्हणजे स्लॅब फारसा तापत नाही. वरचा पृष्ठभाग पांढरा किंवा फिकट ठेवावा आणि पाण्यासाठी किमान १:८० उतार काढावा. थर कुठेही खंडित होऊ नये. आतल्या स्लॅबमधून सलग बाहेर काढलेली बाल्कनी थंड प्रदेशात उष्णता बाहेर नेणारी वाट बनते आणि तिथेच भिंतीला बुरशी धरते.

छज्ज्याची लांबी गणिताने काढावी : खिडकीची उंची भागिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जन्ट. ४० अंश अक्षांशावर, माध्यान्हीच्या सूर्याकडे तोंड असलेल्या १.२ मीटर उंच खिडकीसाठी, छज्जा तिच्या माथ्यालगत असेल तर, हे उत्तर सुमारे ३६ सेंमी येते. तोच छज्जा हिवाळ्यात फक्त वरच्या १८ सेंमीवर सावली टाकतो आणि बाकीचे ऊन आत येऊ देतो. सर्वाधिक उकाडा अयनदिनानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या प्रदेशात छज्जा थोडा वाढवावा.

पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवाव्यात. मोठ्या हव्याच असतील तर बाहेरून उभ्या पट्ट्या, झडपा किंवा पानगळीची झाडे द्यावीत. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेलीच असते.

इशारा : थंड प्रदेशात वाफरोधक पडदा भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूला लागतो. वर्षभर वातानुकूलन चालणाऱ्या दमट प्रदेशात उबदार बाजू बाहेरची असते. बाजू चुकली तर भिंतीच्या पोटात पाणी साचते आणि ते बाहेरून दिसत नाही.

टप्पा ८ : साहित्य

साहित्याच्या नावापेक्षा त्याचे प्रमाण महत्त्वाचे. एक टन पोर्टलँड सिमेंट तयार होताना सुमारे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे आटोपशीर गाळे, योग्य पाया आणि अनावश्यक काँक्रीट गाळणे हाच पहिला उपाय. त्यानंतर फ्लाय अॅश (कोळशाची उडती राख) किंवा पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी मिसळलेले सिमेंट निवडावे. त्याला सुरुवातीची ताकद सावकाश येते, म्हणून साच्याच्या फळ्या काढण्याची घाई करू नये आणि पाणी मारण्याचे दिवस वाढवावेत. जवळ मिळणारे, तिथल्या गवंड्यांच्या हाताला सवयीचे आणि पुढे दुरुस्त करता येणारे साहित्य दूरवरून आणलेल्या ‘हरित’ उत्पादनापेक्षा बहुधा सरस ठरते. फरशा, दरवाजे आणि खिडक्या बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित मापांच्या घ्याव्यात आणि भिंतींची मापे त्यांना जुळवावीत, म्हणजे तुकडे वाया जात नाहीत.

टप्पा ९ : पाणी आणि वीज

कवच पक्के झाल्यावरच यंत्रांची क्षमता ठरवावी, नाहीतर गरजेपेक्षा मोठी यंत्रे घेतली जातात. दिवे, पंखे आणि पाणी तापवण्याची यंत्रणा कमी विजेची निवडल्यावर उरलेल्या वापराइतकेच सौर पॅनेल पुरतात. सध्याच्या पॅनेलला एका किलोवॅटसाठी साधारण ५ चौरस मीटर जागा लागते, आणि पॅनेलांच्या रांगा एकमेकींवर सावली टाकू नयेत म्हणून सपाट छतावर प्रत्यक्षात त्याहून जास्त. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली पॅनेलवर सावली टाकणार नाही अशी जागा आत्ताच राखावी, आणि पैसे आज नसतील तरी छतापासून वीजपेटीपर्यंत रिकामी नळी घालून ठेवावी.

छताच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यातले सुमारे ८० टक्के हाती लागते असे धरावे. टाकीचे माप मात्र एकूण पावसावरून न काढता सलग कोरड्या दिवसांवरून काढावे. रोज २०० लिटर आणि ६० कोरडे दिवस असतील तर १२,००० लिटर लागतात. एवढी टाकी परवडत नसेल तर साठवण शौचालय आणि बागेपुरती ठेवून उरलेले पाणी जमिनीत मुरवावे. पहिल्या सरीचे पाणी वळवण्याची सोय नसेल तर टाकीत धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा जमते.

टप्पा १० : अंदाजपत्रक, कपात आणि बांधकामावरची तपासणी

दर मागवताना सर्व कंत्राटदारांना एकच मोजमाप यादी द्यावी, ज्यात प्रत्येक कामाचे परिमाण आणि साहित्याचा दर्जा लिहिलेला असेल. रक्कम जास्त आली तर कपात या क्रमाने करावी : आधी क्षेत्रफळ, मग आकारातली गुंतागुंत, मग फरशा, फर्निचर आणि नळांचा दर्जा, कारण या शेवटच्या वस्तू पाच वर्षांनी बदलता येतात. पाया, जलरोधक थर, उष्णतारोधक थर, छज्जे आणि विजेची तारजोडणी यांना हात लावू नये. बहुतेक घरांत नेमके उलटे घडते, कारण झाकली जाणारी कामे कमी केल्याचे कोणाला दिसत नाही.

काम सुरू झाल्यावर पुढच्या तपासण्या झाकाझाकीपूर्वी कराव्यात :

– काँक्रीट ओतण्याआधी नळ आणि तारांसाठीच्या सर्व वाटा जागेवर आहेत का. स्लॅब झाल्यावर भोक पाडणे म्हणजे सळ्या तोडणे.
– साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस आणि मिश्रित सिमेंटच्या काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी राहिले का.
– भिंतीतले नळ गिलाव्यापूर्वी दाबाखाली तपासले का.
– स्नानगृहाची फरशी बसवण्याआधी जलरोधक थरावर किमान २४ तास पाणी साठवून खालून ओल येते का ते पाहिले का.
– उष्णतारोधक थर झाकला जाण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र घेतले का. थंड प्रदेशात हवेच्या गळतीची चाचणी आतला गिलावा किंवा तक्ते पूर्ण होण्याआधी घ्यावी, म्हणजे फटी बुजवता येतात.

बांधकामादरम्यान केलेला प्रत्येक बदल तारखेसह आराखड्यावर नोंदवावा आणि त्याचा खर्च काम करण्यापूर्वी लेखी ठरवावा. राहायला गेल्यावर पहिले वर्षभर वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दर महिन्याला लिहून ठेवावेत. रात्री सर्व नळ बंद असताना पाण्याचे मीटर फिरत असेल, तर गळती टाकीच्या आधीच्या आणि नंतरच्या नळांपैकी कोणत्या भागात आहे ते झडपा एकेक बंद करून शोधावे, आणि कंत्राटदाराची दोषदुरुस्तीची मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार द्यावी.